थोरल्या सरांचं समाधान

बुधवारी सकाळी थोरले सर गणित विभागाचा जिना चढून वर पोहोचतात न पोहोचतात, तोच विभागप्रमुख समोरून लगबगीने आले आणि त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला.

"मानलं सर तुम्हाला! काल काय प्रश्न विचारलात!"

थोरल्या सरांनी नम्रपणे मान खाली घातली. त्यात नम्रतेचा भाग बेताचाच होता. आपण काय विचारलं हे आठवत नसलं की मान खाली घालून उभं राहणं सोयीचं पडतं, हा त्यांचा जुना अनुभव होता.

आता लपवून काही उपयोग नाही, तेव्हा सांगून टाकलेलं बरं. थोरले सर सेमिनारला झोपत. दर मंगळवारी दुपारी विभागात कुणा ना कुणाचं व्याख्यान असे, आणि दर मंगळवारी सर भिंतीकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, चष्मा खिशात ठेवून, कपाळाला हात लावून गाढ झोपत. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस विषयाच्या तळाशी गेला आहे. टाळ्या वाजल्या की ते जागे होत आणि लगेच एक प्रश्न विचारत, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको. त्यासाठी त्यांनी तीन प्रश्न पक्के करून ठेवले होते. 'हे उलट दिशेने खरं आहे का?', 'अट थोडी सैल केली तर?' आणि 'दोन मितींत काय होतं?' रेघेला एक मिती, कागदाला दोन, खोलीला तीन, आणि त्यापुढच्या मिती फक्त गणितवाल्यांना परवडतात, एवढं ज्याला माहीत आहे त्याला यातला कुठलाही प्रश्न कुठल्याही व्याख्यानानंतर बिनधोक विचारता येतो. वक्ता म्हणतो, "फार चांगला प्रश्न आहे," आणि काहीतरी सांगू लागतो. सर मान डोलावतात. मग चहा येतो. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

"अहो, तिच्या हातातला खडूच पडला!" प्रमुख म्हणाले.

"कुणाच्या?"

"कुणाच्या काय, हंगामी मॅडमच्या!"

हंगामी मॅडम म्हणजे विभागातली सांख्यिकीची तरुण प्राध्यापिका. वर्षावर वर्षं मुदतवाढ घेत ती इथे शिकवत होती. इतकी, की काही विद्यार्थी 'हंगामी' हे तिचं आडनावच समजत आणि वहीवर तसं लिहितही. सरांचा गुडघा धरला की त्यांचे तास तीच घेई, आणि तेही न कुरकुरता. तिला कायमची जागा मिळावी म्हणून सर भेटेल त्याच्याकडे शब्द टाकत होते. कालचं तिचं व्याख्यान नेमणुकीच्या समितीसमोर होतं. सरांना हे माहीत होतं. त्यांनी जागं राहायचंही ठरवलं होतं. पण पहिल्याच वाक्यात तिने 'आता आपण असं मानू' म्हटलं, आणि त्यापुढचं सरांना ठाऊक नव्हतं.

"मग? ती काय म्हणाली?"

"सर, तुम्ही तिथेच होतात की!"

"होतो हो. पण तुम्हाला काय वाटलं, ते विचारतोय मी."

"मला काय वाटायचंय? फळ्याकडे बघत नुसती उभी राहिली. मग म्हणाली, विचार करून सांगते, वेळ द्या. तुम्ही आपले मान डोलावून चहाला गेलात. समितीने तिथल्या तिथे ठरवलं, थोरल्या सरांचं समाधान झाल्याशिवाय नेमणूक करायची नाही. शुक्रवारी दुपारी बैठक आहे. तेव्हाही नाही झालं, तर ती जागा रसायनशास्त्राकडे जाणार. ते तर टपूनच बसलेत."

"पण माझं समाधान झालंय!" सर कळवळून म्हणाले.

"असं कसं होईल?" प्रमुख हसले. "तिने उत्तर कुठे दिलंय अजून?" आणि 'किती काटेकोर माणूस, पण मनाने किती हळवा' अशा नजरेने बघत ते निघून गेले.

सरांनी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि डोकं धरून बसले. तीन प्रश्नांपैकी नेमका कुठला विचारला? ते आठवेना. आठवणार कसं, ते अर्धवट झोपेत विचारलेले असत. बरं, जाऊन कुणाला विचारावं तर 'काल मी काय बोललो हो?' असं विचारणारा माणूस एक तर प्यायलेला असतो नाहीतर झोपलेला. दोन्हीपैकी काहीच कबूल करण्याची सरांची तयारी नव्हती.

त्यांनी आडून आडून चौकशी करायचं ठरवलं आणि बीजगणित शिकवणाऱ्या आपल्या जुन्या मित्राला चहाच्या टेबलावर गाठलं.

"काल माझा प्रश्न कसा वाटला तुला?"

"जबरदस्त."

"म्हणजे त्यातलं नेमकं काय आवडलं?"

"अरे, मुळावरच घाव घातलास तू."

"हो, पण शब्द जरा वेगळे वापरायला हवे होते का? मी कुठले शब्द वापरले बरं..."

"शब्दांचं काय घेऊन बसलास? आशय बघ ना!"

"तोच तर. आशय तुझ्या तोंडून ऐकायचाय."

बीजगणितवाल्यांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि तो गिळायला बराच वेळ लावला. शेवटी कळलं ते असं, की व्याख्यान चालू असताना ते मांडीवर गठ्ठा ठेवून उत्तरपत्रिका तपासत होते. खडू पडला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि सगळे सरांकडे बघताहेत हे पाहून तेही कौतुकाने बघू लागले. सर मनातून भडकले. एवढा विभाग माणसांनी भरलेला, त्यातल्या एकाने तरी जागं राहून नीट ऐकावं की नाही? लोकांना जबाबदारी म्हणून राहिलेली नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

नीट ऐकणारी एकच व्यक्ती होती, सांख्यिकीच्या मोठ्या बाई. त्या समितीतही होत्या. पण त्यांच्याकडे चौकशी करणं म्हणजे आपण होऊन मान पुढे करणं. त्या वऱ्हांड्यात समोरून आल्या, तेव्हा सरांनी नुसतं "काय, कसं काय?" म्हटलं. बाई नुसत्या हसल्या. ते हसणं सरांना दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी ते घरी न जाता थेट बायकोच्या दवाखान्यात गेले. सरांची बायको दातांची डॉक्टर होती आणि माणसाचं तोंड उघडं असताना त्याला बोलू न देण्याची तिला व्यवसायामुळे सवय लागली होती. खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता. सरांनी त्याच्या डोक्यावरूनच सगळी हकीकत सांगितली.

"मग सांगून टाका ना, डोळा लागला होता म्हणून," डॉक्टरीणबाई दातावरून नजर न काढता म्हणाल्या.

"अगं, असं कसं सांगू? इतक्या वर्षांचा लौकिक आहे माझा!"

"कसला? जागं राहण्याचा?"

"विचार करण्याचा! लोकांना वाटतं, मी डोळे मिटून विचार करतो."

"घरी टीव्हीसमोरही तुम्ही विचारच करत असता. परवा तर विचार करता करता घोरत होतात."

यावर पेशंटने घशातून काहीतरी आवाज काढला. त्याचं मत कुणाच्या बाजूने होतं ते कळलं नाही, कारण त्याच्या तोंडात आरसा होता.

"चेष्टा नको आहे," सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत काहीतरी केलं पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं अवजार बाजूला ठेवलं आणि मास्क खाली ओढला. त्या मास्क खाली ओढून बोलतात तेव्हा गंभीर असतात, हे सरांना माहीत होतं.

"हे बघा, तुमचा गुडघा सुजला की ती मुलगी तुमचे तास घेते. तुमचे पेपर तपासते. एकदा तरी नाही म्हणाली का? आणि आता तिची आयुष्याची जागा जायची वेळ आली तर तुम्ही लौकिक कुरवाळत बसा. अहो, लाज वाटली पाहिजे."

सरांना लाज वाटली. पण लाज वाटणं आणि कबूल करणं यांच्यामध्ये एक पळवाट असते, आणि सरांना ती दिसली. समितीला हवं आहे ते सरांचं समाधान. मग मुलीला बोलवावं, समाधान झालं म्हणून सांगावं, विषय संपला. प्रश्न कुठला होता, हे कळायची गरजच काय?

गुरुवारी सकाळी त्यांनी हंगामी मॅडमला खोलीत बोलावलं. ती आली तेव्हा तिचे डोळे लाल झालेले होते आणि बाहीवर खडूची भुकटी होती. सरांना भडभडून आलं.

"ये, बस. परवाचं व्याख्यान छान झालं हं."

तिचा चेहरा उतरला. सरांनी जीभ चावली. गणितवाल्यांच्या जगात 'छान' या शब्दाचा अर्थ 'यात नवीन काही नाही' असा होतो. 'रोचक' म्हणजे चूक आहे. आणि 'बरेच कष्ट घेतलेले दिसतात' असं म्हटलं, तर त्या माणसाने दुसरा धंदा बघावा.

"म्हणजे खरोखर छान," सर घाईने म्हणाले. "मनापासून सांगतोय. अगदी रोचक."

ती आणखीच पांढरी पडली.

"ते राहू दे," सर म्हणाले. मग त्यांना एकदम मास्तरकीतली एक जुनी युक्ती आठवली. "असं कर, माझा जो प्रश्न होता, तो तुला कसा समजला, ते तुझ्या शब्दांत सांग बघू."

तिने क्षणभर सरांकडे बघितलं. "जसा तुम्ही विचारलात तसाच समजला, सर."

"हां. बरोबर. तसाच समजायला हवा." सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून परत ठेवला. "तर मुद्दा असा, की माझं समाधान झालेलं आहे."

त्यांना वाटलं होतं, ती आनंदाने उडी मारेल. ती उभी राहिली खरी, पण भूत दिसल्यासारखी.

"नाही सर! इतक्यात नका समाधान मानू!"

"अगं, पण झालंय ना माझं!"

"नाही झालेलं, सर. होऊच शकत नाही. मला उद्या दुपारपर्यंत तरी वेळ द्या. हात जोडते तुमच्यापुढे."

"आता हिला काय म्हणावं! मी आत्ता जाऊन प्रमुखांना सांगतो, की माझी काही हरकत नाही."

"तुम्ही असं केलंत, तर मी स्वतः जाऊन सांगेन की हरकत आहे म्हणून," ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

थोरले सर खुर्चीत बसून राहिले. पास करू नका म्हणून हातापाया पडणारा उमेदवार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. केवढा हा प्रामाणिकपणा! आणि अशा मुलीच्या पायात आपण झोपेत काटा पेरून ठेवला. त्यांना स्वतःचा इतका राग आला की ते तडक उठले आणि गुडघ्याची पर्वा न करता प्रमुखांच्या खोलीत शिरले. तिथे सांख्यिकीच्या मोठ्या बाईही बसलेल्या होत्या, हे त्यांना बोलून झाल्यावर दिसलं.

"माझं समाधान झालं!"

"वा!" प्रमुखांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे दोन मितींचं सुटलं म्हणायचं!"

सरांचाही जीव भांड्यात पडला. दोन मिती! म्हणजे तो प्रश्न होता तर. "सुटलं ना," ते ऐटीत म्हणाले. "दोन मितींचं अगदी पूर्ण सुटलं."

"कसं सुटलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कसं म्हणजे, व्यवस्थित."

"नाही, कारण तिच्या रीतीत एका ठिकाणी मितींच्या संख्येतून दोन वजा करून त्याने भागावं लागतं. तुम्ही विचारल्यावर मी नीट बघितलं. तीन मितींत भागाकार एकाने, चारांत दोनाने, सगळं ठीक. पण दोन मितींत दोनातून दोन गेले की शून्य. आणि शून्याने भागायचं कसं? त्या शून्याचं काय केलं तिने?"

शाळेतल्या पोरालाही शून्याने भागायचं नसतं हे माहीत असतं. थोरल्या सरांना दरदरून घाम फुटला.

"ते शून्य... तिने काढलं."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे... बाजूला."

मोठ्या बाई पुन्हा हसल्या. "मग उद्या समितीपुढे तुम्हीच एकदा फळ्यावर करून दाखवा, सर. तुमच्या हातून बघायला आवडेल आम्हाला. मग नेमणुकीला काही अडचण नाही."

"उत्तम कल्पना!" प्रमुख म्हणाले.

अशा रीतीने तिचा गळफास सोडवायला गेलेले सर तोच आपल्या गळ्यात घालून बाहेर आले. घरी जाऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि शून्याशी झटापट सुरू केली. त्यांनी त्याला उजवीकडून गाठलं, डावीकडून गाठलं, एकदा नुसतंच खोडून पाहिलं. शून्य जागचं हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी ताटं मांडायला म्हणून कागद गोळा केले, तेव्हा सर उठले. सभागृहातल्या लाकडी खुर्चीत पाच मिनिटांत झोपणारा माणूस त्या रात्री मऊ गादीवर टक्क जागा होता.

शुक्रवारी दुपारी समिती बसली. प्रमुख होते, मोठ्या बाई होत्या, आणि मंगळवारी पडद्यावरून व्याख्यान ऐकणारे बाहेरचे तज्ज्ञ आज जातीने आले होते. हंगामी मॅडमला बाहेर बाकावर थांबायला सांगितलं होतं. सरांनी आत जाताना तिच्याकडे पाहिलं. ती मांडीवरच्या कागदावर भराभर काहीतरी लिहीत होती आणि तिने वर पाहिलंही नाही.

प्रमुखांनी सरांच्या हातात खडू दिला. सर फळ्यासमोर उभे राहिले. फळा स्वच्छ काळा होता आणि सरांचं डोकंही तसंच होतं. त्यांनी खडू उचलला, परत खाली ठेवला आणि समितीकडे वळले.

"मला हे येत नाही," ते म्हणाले. "आणि आणखी एक सांगायचंय. मंगळवारी मी व्याख्यान ऐकलंच नव्हतं. मी झोपलो होतो. नुसता डोळा लागला नव्हता, चांगला झोपलो होतो. टाळ्या वाजल्या म्हणून उठलो आणि तोंडाला आलं ते विचारलं. माझ्या त्या प्रश्नावरून या मुलीची नेमणूक अडवू नका. तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. आता ही मंडळी हादरतील, नाक मुरडतील, कदाचित उद्यापासून नमस्कारही करणार नाहीत. चालेल. मुलीची जागा वाचली म्हणजे झालं.

कुणीच हादरलं नाही. बाहेरचे तज्ज्ञ बिस्किट खात होते ते खातच राहिले.

"सर, ते माहीत आहे आम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही झोपता ते. सगळ्या विभागाला माहीत आहे. नवीन माणूस आला की प्रमुख त्याला सांगतात, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसू नका, ती सरांच्या झोपेची आहे."

सरांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख खिडकीबाहेर बघू लागले.

"आमच्याकडे असे दोघं आहेत," बाहेरचे तज्ज्ञ समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण ते प्रश्न विचारत नाहीत."

"अहो, मग माहीत होतं तर नेमणूक कशाला अडवलीत?" सर जवळजवळ ओरडलेच. "झोपलेल्या माणसाच्या प्रश्नावरून?"

"त्यासाठीच तर अडवली!" मोठ्या बाई म्हणाल्या. "जागा माणूस कशातही खोट काढतो, त्याचं काय एवढं? मी स्वतः दर मंगळवारी काढते. पण झोपलेल्या माणसालासुद्धा जी चूक दिसते, ती केवढी मोठी असेल! आम्ही घाबरलोच."

ज्या लौकिकासाठी सरांनी तीन दिवस जिवाचं रान केलं, तो मुळात नव्हताच, आणि जो होता तो त्यांना ठाऊक नव्हता. ते जाऊन एका खुर्चीत बसले. खुर्ची पुढच्या रांगेतली होती.

मग हंगामी मॅडमला आत बोलावलं. तिने फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि सरांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. थोड्या ठिकाणची मोजमापं घेऊन मधल्या न मोजलेल्या ठिकाणी काय असेल त्याचा अंदाज कसा बांधायचा, आणि तो किती चुकेल हे आधीच कसं सांगायचं, असं तिचं काम होतं. ती त्या अडलेल्या पायरीपर्यंत आली, शून्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, की दोन मितींत इथे भागायचंच नाही, इथे गणित आपली चालच बदलतं आणि लॉगॅरिदम येतो. तिने तो आणला, पुढच्या चार ओळी लिहिल्या आणि सगळं कसं आपापल्या जागी जाऊन बसलं. इतकंच नाही, तर तिची रीत दोन मितींतच सगळ्यांत चांगली चालते, असं निघालं. इतकी वर्षं दर मंगळवारी आपण हे असलं काहीतरी घोरत घालवलं, या विचाराने थोरल्या सरांना फार वाईट वाटलं.

"सर, समाधान?" प्रमुखांनी विचारलं.

"झालं," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनीही मान हलवली. बाहेरच्या तज्ज्ञांनी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. हंगामी मॅडम त्या दिवसापासून हंगामी राहिली नाही. रसायनशास्त्राचे प्रमुख सहज म्हणून दोनदा दारावरून गेले, त्यांनी आतलं हसणं-खिदळणं ऐकलं आणि ते समजून चुकले.

बैठक संपल्यावर ती सरांना वऱ्हांड्यात भेटली. सर रेलिंगला टेकून उभे होते.

"सर, आभार कसे मानू? तुम्ही तो प्रश्न विचारला नसतात तर मी मेलेच होते."

"अगं, कसले आभार! माझ्यामुळेच तर अडकलीस तू. आणि मी झोपलो होतो, हे तुलाही माहीत असेलच."

"माहीत होतं म्हणून तर वाचले. सर, ती चूक मलाच मंगळवारी सकाळी दिसली. व्याख्यानाला काही तास राहिले असताना. व्याख्यान रद्द केलं असतं तर जागा गेली असती. आपण होऊन चूक सांगितली असती तरी गेली असती. पण थोरल्या सरांनी प्रश्न विचारला, तर त्यांचा मान म्हणून उत्तराला वेळ मागता येतो. आणि या मंगळवारी दोन मितींची पाळी होती."

"पाळी? कसली पाळी?"

"तुमच्या प्रश्नांची. आधी उलट दिशेचा, मग अट सैल करण्याचा, मग दोन मितींचा, मग पुन्हा उलट दिशेचा. इतक्या वर्षांत क्रम एकदाही चुकलेला नाही."

"छे! मी मनाला येईल तो विचारतो."

"असं सगळ्यांनाच वाटतं, सर. पण मी सांख्यिकीची आहे, मला ते दिसतं." ती हसली. "तरी शेवटपर्यंत धाकधूक होतीच. तुम्ही दोन मिती म्हणालात आणि आनंदाने माझ्या हातातला खडूच पडला."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी तुला गुरुवारीच पास करायला निघालो होतो!"

"तेव्हा तर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटची ओळ मला आज बाकावर बसून सुटली. काल तुम्ही मला पास केलं असतं आणि मोठ्या बाईंनी लगेच फळ्यावर बोलावलं असतं, तर संपलंच होतं सगळं."

म्हणजे बुधवारपासून सरांनी जी जी धडपड केली, ती सगळी हिला बुडवायच्या दिशेने होती, आणि हिचं जे काही भलं झालं ते त्यांनी झोपेत केलं होतं. मग त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि ते ताठ उभे राहिले.

"पुढच्या मंगळवारी कोण बोलणार आहे?"

"मीच, सर. याच कामाचा पुढचा भाग आहे. जरा कच्चा आहे अजून. याल ना?"

"येणार म्हणजे काय! येणारच. पुढच्या रांगेत बसणार, चष्मा लावणार, आणि मी तुला शब्द देतो, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत टक्क जागा राहणार."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू झटक्यात मावळलं. वऱ्हांड्यात कुणी ऐकत नाही ना, हे बघून ती जवळ आली आणि काकुळतीला येऊन म्हणाली,

"सर, प्लीज, तेवढं करू नका हो. आत्ता कुठे पर्मनंट झालेय मी."